मारबतीवरची लुंगी

गावात आशा वर्करचं काम करता करता मी काय काय पाह्यलं नाई? सडलेले पाय पाह्यले, लोकायच्या उलट्या हातानं पुसल्या, बाळंतिणीच्या खोलीतला वास नाकात घेऊन घरी आली अन् तसीच जेवाले बसली. किळस कधी आली नाई. ती आली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगली आंघोळ करून, टिळे लावून रस्त्यावर उभ्या राह्यलेल्या माणसायची.

मी चंदा. लोक तोंडावर चंदाबाई म्हणतात, मागे तोंडाळ म्हणतात, अन् दोन्ही बरोबर आहे. पण ही गोष्ट माही नाई, दिव्यानीची आहे. माह्या घरासमोर राहते, लटारूभाऊची पोरगी.

लटारूभाऊ ढिवर. आमच्या तलावात त्याच्यासारखं जाळं फेकणारा माणूस नव्हता. चार वर्षं झाली, तलावाच्या पाळीवरच पडला. लकवा मारला. उजवं अंग गेलं अन् बोलणं तं असं गेलं की एक शब्द काढाले कपाळावर घाम येते. बायको आधीच वारली होती. पोरगा प्रणित घुग्घुसले, सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाले. राह्यली दिव्यानी. तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाले होती. बापाजवळ एक दिवस थांबली, मंग दुसरा दिवस थांबली, अन् कॉलेज तिकडेच राह्यलं. थांबतेस काय, म्हणून तिले कोणी विचारलंही नाई. पोरगी होती ना घरात.

आता लोकायचं ऐका. बाया हळदीकुंकवाले जाता जाता लटारूभाऊच्या छपरीसमोर थांबत. पदर नाकाले लावत अन् त्या पदरातून म्हणत, "पोरगी नाई बाप्पा, देवी आहे देवी. किती पुण्याचं काम करून राह्यली." मले असा राग ये. अवो, पुण्याचं काम आहे तं ये ना आत, घे ना थोडं पुण्य. बादली तिथीच ठेवली आहे. पण नाई. देवी म्हणलं की आपले हात कोरडे राहतात, अन् देवीले आंघोळीले, जेवाले, झोपाले टाईम लागत नाई असं सारं गाव समजते.

दिव्यानी सकाळी उठून बापाले एका कडेवर वळवे, खालचं ओढे, पुसे, धुवे, नवीन लावे. प्रणितनं एकदा डायपरचं पाकीट आणलं होतं, त्याचा फोटोही काढला होता. ते संपल्यावर पुन्हा लटारूभाऊच्याच जुन्या लुंग्या. फाडून फडके केले होते तिनं. एक निळी चौकटीची मात्र फाडली नव्हती, जाड होती म्हणून अख्खीच खाली घाले. धुऊन धुऊन तिचा निळा रंग जाऊन मळका पिवळा झाला होता, अन् वास तं कोणत्या साबणानं जाणार? मी एकदा तिच्या घरी गेली तं पोरगी चमच्यानं भात खाऊन राह्यली होती. म्हणलं, "काऊन गं, चमच्यानं?" तं म्हणे, "असंच." तिले स्वतःच्या हाताचा वास येत होता. हे मले मंग समजलं.

गेल्या उन्हाळ्यात नागपूरहून एका संस्थेच्या मॅडम आल्या. घरातल्या आजारी माणसाले सांभाळणारे जवान पोट्टे-पोट्ट्या त्यायले गोळा करायचे होते, चित्रं काढाले. म्हणजे मन हलकं होते म्हणे. गोळा करायचं काम अर्थातच माह्या माथी. मी तिघं आणले. दिव्यानी. दुसरी संघप्रिया, तिची माय डोक्यानं बिघडलेली, ताट फेकते, अर्ध्या जेवणातून उठून रस्त्याले लागते. तिसरा निकेश, त्याच्या लहान बहिणीले, आचलले सिकलसेल. ती पोट्टी दुखण्यानं अशी कण्हते की शेजारी झोपत नाईत.

दिव्यानीच्या बापाजवळ बसाले मी गिरजाबाईले तयार केलं. बुढी आहे, टोंगळे गेलेले, गुडघे वाकत नाईत, डोळ्यानं कमी दिसते. ती तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत म्हणे, "मले काय, इथी खाईन नाई तं तिथी खाईन." दर रविवारी ती लटारूभाऊच्या खाटेजवळ बसे अन् त्याले गावच्या सगळ्या भानगडी सांगे. तो ऐके. बोलता येत नाई म्हणून ऐकाले येत नाई असं थोडीच असते.

समाजमंदिरात मॅडमनं बॅनर लावला, रंगाचे डबे काढले अन् म्हणाल्या, "आपलं आजारी माणूस म्हणजे एक फूल आहे असं समजा. ते फूल काढा." निकेशनं कमळ काढलं, कारण त्याले तेच येत होतं. संघप्रियानं काहीतरी लाल-लाल केलं. दिव्यानीनं बादली काढली. बादली, बादलीत काळं पाणी, वर माश्या. मॅडम बराच वेळ पाहत राह्यल्या. मंग गोड आवाजात म्हणाल्या, "छान आहे, पण थोडं पॉझिटिव्ह करू या का? बादलीत एक फूल ठेवू या?" अन् पोट्टीनं ठेवलं, बाप्पा. त्या बादलीत पिवळं फूल काढलं. मले ते पाहवलं नाई. अशा पाण्यात कोण फूल टाकते?

दोन-तीन रविवार मॅडम आल्या. बॅनरसमोर फुलायचे फोटो झाले, पोट्ट्यायच्या हातात चित्रं देऊन फोटो झाले, माहाही एक झाला. मंग मॅडम याच्या बंद झाल्या. राग धरायची सोय नाई, बिचारीले दुसरं गाव असेल. रंगाचे डबे मात्र समाजमंदिरातच राह्यले.

अन् मजा पहा, पोट्टे येतच राह्यले. रविवारी दुपारी तिघंही येऊन बसत. एकदा मी बाहेर झाडाखाली बसली होती तं आतून निकेशचा आवाज आला. तो म्हणे, "आचल रडाले लागली की मले दया येत नाई. राग येते. वाटते तोंड दाबावं तिचं." मी उठलीच होती आत जाऊन कान धराले. तेवढ्यात संघप्रिया म्हणे, "माही माय माह्या तोंडावर वरण थुकते. मीही एकदा थुकली तिच्यावर." अन् दिव्यानी म्हणे, "मले बापाची किळस येते. रोज येते. त्याले धुताना मी तोंडानं श्वास घेतो, तरी वास तोंडात जाते, मंग जेवताना तोच लागते." मंग निकेश म्हणे, "वरणासंगं?" अन् तिघंही हासाले लागले. असे हासले, असे हासले, की संघप्रियाले उचकी लागली. मी बसली परत झाडाखाली.

त्यानंतर ते काय काय काढत ते मी सांगत नाई, सांगण्यासारखं नव्हतंच. एका कागदावर घाणेरड्या घाणेरड्या वासायची रांग लावली होती, पहिला नंबर कोणाचा यावर भांडणं. पण दिव्यानी पाणी भरता भरता गुणगुणाले लागली. हातानं जेवाले लागली. बापाले वळवताना त्याच्यासंगं बोलाले लागली, आधी मुकाट्यानं करे. एकदा तं मी तिले त्याच्यावर ओरडताना ऐकलं, "आता तं बदललं होतं ना बाबा, थांबता येत नाई का थोडं," अन् लटारूभाऊच्या घशातून काहीतरी आवाज आला. तो हासून राह्यला होता.

पोळा जवळ आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. मारबत म्हणजे गवता-मातीची मोठी बाई, गावाच्या शिवेबाहेर नेऊन जाळाची. रस्त्यानं लोक ओरडतात, खोकला घेऊन जाय गे मारबत, मच्छर घेऊन जाय गे मारबत. ज्याले जे नोको ते तिच्या डोक्यावर. आजपर्यंत मारबत गिरजाबाई बनवत होती, पण आता तिचे टोंगळे म्हणत होते नोको. ती लटारूभाऊच्या छपरीतूनच दिव्यानीले म्हणे, "तुमी रंगवून राह्यले ना कायतरी तिथी. तुमीच करा आता. कसी करायची ते मी सांगतो."

पोट्ट्यायनं काय मारबत केली. बांबूच्या कमच्यायचा सांगाडा, आत धानाचं तणस, तोंडाले शेण-माती. नाक येवढं मोठं की आधी नाकच दिसे. मॅडमचे सगळे रंग संपवले. अन् ज्याले ज्याचा वीट आला होता ते त्यानं लावलं. निकेशनं आचलच्या गोळ्यायची रिकामी पाकिटं ओवून माळ घातली. संघप्रियानं मायनं चेपवलेलं ताट पोटाले बांधलं. अन् दिव्यानीनं मारबतीले लुगडं म्हणून ती मळकी पिवळी लुंगी नेसवली.

आता इथी गोम होती. मारबतीले कापड लागते, पण ते एक तं मेलेल्याचं, नाई तं रस्त्यावर पडलेलं. जित्या माणसाच्या अंगावरचं कापड तिले नेसवलं तं ती त्या माणसालेच घेऊन जाते, असं आमच्या गावात मानतात. गिरजाबाईनं हे सांगतलंही होतं. पण दिव्यानीच्या हिशेबात ते कापडच नव्हतं. चार वर्षांपासून तिच्यासाठी तो एक फडका होता, ज्याचं तोंड पुन्हा पाहायचं नव्हतं. जो माणूस ते रोज धुते, त्याले ते कोणाची लुंगी म्हणून कुठी दिसते?

सकाळी उजाडता उजाडता पोट्टे मारबतीजवळ जमले. दिव्यानी तं अंधारातच आली होती, नाकाचा रंग उखडला म्हणून. वाजंत्री वाजली, मारबत उचलली, अन् लटारूभाऊच्या घराच्या अलीकडे पोचली तोच बापूजी आडवे आले. बापूजी आमच्या ढिवरवाड्यातले जुने माणूस, लटारूभाऊसंगं हयातभर जाळं ओढलेले. त्यायनं लुंगीचा काठ हातात घेतला, पाह्यला, अन् सोडून दिला.

"ही लटारूची आहे," ते म्हणे. "याच लुंगीत उतरे तो पाण्यात. खाली ठेवा मारबत."

बस. वाजंत्री थांबली. कोणी म्हणे काढा, कोणी म्हणे आता काढून काय फायदा, नेसवली तं नेसवलीच. ज्या बाया देवी देवी करत होत्या त्यायच्यातलीच एक माह्या कानाजवळ म्हणे, "पोट्टीले बाप जड झाला वाटते." असं म्हणताना तिच्या कपाळावरचं कुंकूही ओलं होतं. थू.

प्रणित पोळ्याले आला होता. इतका वेळ गॉगल लावून मोबाईलवर मारबतीचं शूटिंग करून राह्यला होता. आता मोबाईल खिशात टाकून पुढे झाला अन् साऱ्या गावासमोर बहिणीवर ओरडला. "बापाले जित्ता जाळतेस का तू? हेच शिकवून राह्यले का तुले तिथी? आजपासून तुहा रविवार बंद. घरातून पाय बाहेर टाकायचा नाई."

मले वाटलं पोट्टी रडेल, माफी मागेल, लुंगी काढेल. मागितली असती तं भागलंही असतं. ती म्हणे, "मले किळस येते त्याची. लुंगीची. अन् बाबाचीही येते. येते तं येते. तरी मीच करतो ना?"

येवढं साधं बोलली अन् लोकायचे चेहरे असे झाले जसं तिनंच रस्त्यावर घाण केली. मी त्या चेहऱ्यायकडे पाहत होती. यातल्या एकानंही कधी लटारूभाऊच्या छपरीची पायरी चढली नव्हती. पण मले भीतीही वाटली. कारण हे बोलणं चार पावलांवर खाटेवर पडलेल्या माणसानं ऐकलं होतं. बापूजीही तिकडेच पाहून राह्यले होते. ते म्हणे, "ज्याची लुंगी आहे त्याले विचारा. तो म्हणेल जाऊ द्या, तं जाईल. तो नाई म्हणेल, तं या पोरीनं काय केलं ते गावानं समजून घ्यावं."

सगळे छपरीसमोर गेले. लटारूभाऊ नाई म्हणला असता, किंवा नुसता रडला असता, तरी दिव्यानी संपली होती. गावाचं सोडा, गावाचं मी पाहून घेतलं असतं. पण त्यानंतर ती पोरगी रोज सकाळी त्याच बापाले कोणत्या तोंडानं वळवणार होती?

पुढचे लोक पायरीवरच थांबले. वास आला. दिव्यानी अंधारापासून मारबतीजवळ, लटारूभाऊचं सकाळचं काही झालंच नव्हतं. दुपट्टे नाकाले गेले, पदर नाकाले गेले. बापूजींनी विचारलं, "लटारू, ही तुही लुंगी. पोरीनं मारबतीले नेसवली. तुले चालते का?"

प्रणित खाटेजवळ गुडघ्यावर बसला. "बाबा, तुम्ही फक्त मान हलवा. हिले मी पाहतो."

दिव्यानी सवयीनं बादली घेऊन पुढे आली होती. लटारूभाऊनं तिच्याकडे अन् बादलीकडे पाहून मान हलवली, तू नाई. अन् डाव्या हातानं प्रणितचं मनगट धरलं. त्या हातानं आयुष्यभर जाळं ओढलं होतं, तो हात काही गेला नव्हता.

"तू," तो म्हणे.

"मी? मले कुठी येते, बाबा," प्रणित म्हणे. "दिव्यानीले सवय आहे."

"तू."

पोट्टा मनगट ओढे, बाप सोडे नाई. मी लोकायले म्हणलं, "पाठ करा सारे, इथी तमाशा नाई." पाठ केली त्यायनं, पण गेला कोणी नाई. दिव्यानीनं बादली प्रणितजवळ सरकवली अन् भिंतीले टेकून उभी राह्यली. तिथूनच सांगत होती, "आधी डाव्या कडेवर वळव. खांद्याले धर, हाताले नाई, हात उखडते. आता ओढ. पूर्ण ओढ." अर्ध्यातच प्रणित उठला अन् घरामागच्या सांदवाडीत शेवग्याखाली ओकला. आम्ही ऐकत होतो. लटारूभाऊ तसाच उघडा, डोळे मिटून पडून राह्यला. दिव्यानीनं एक पाय पुढे टाकला, मी तिचा हात धरला. थोड्या वेळानं प्रणित आला, गॉगल नव्हता, तोंड पांढरं झालं होतं. खाली बसला अन् पुसाले लागला.

झाल्यावर बापूजींनी पुन्हा विचारलं, आता हळू. लटारूभाऊच्या कपाळावर घाम आला. ओठ वाकडे झाले. आम्हाले वाटलं नाई निघणार.

"मले... येते," तो म्हणे. "किळस. माही... मलेच." मंग दिव्यानीकडे बोट केलं. "तिले... काऊन... नाई येणार?"

बापूजी पायरीवर बसले अन् जमिनीकडे पाहत राह्यले. दिव्यानी खाटेजवळ गेली, ओढणीनं बापाच्या तोंडाची लाळ पुसली, जसी रोज पुसते. त्यानं तिचा हात धरला नाई, काही नाई. डोळे मिटून घेतले, थकला होता.

प्रणित भरलेलं फडकं दोन बोटायनं धरून उभा होता, कुठी ठेवावं त्याले समजत नव्हतं. दिव्यानी म्हणे, "दे इकडे." त्यानं दिलं नाई. तो रस्त्यावर गेला, मारबतीच्या खांद्यावर, त्या लुंगीच्याच वर, ते टाकलं, अन् नळाजवळ बसून हात धूत राह्यला, धूतच राह्यला. बापूजींनी मान हलवली तं निकेशनं अन् बाकीच्या पोट्ट्यायनं मारबत उचलली. गिरजाबाई खाटेजवळ येऊन बसली.

शिवेपर्यंत वाजंत्री वाजलीच नाई. शिवेवर मारबतीले काडी लावली, तणस धडधडा पेटलं, अन् दिव्यानी पहिल्यांदा ओरडली.

"किळस घेऊन जाय गे मारबत," ती म्हणे, "माह्या बापाची अन् माही."

मागून लोकायनं तेच म्हणायचं असते. कोणी म्हणलं नाई. मंग मी म्हणलं.